भाड्यात नक्की काय काय आलं?

जुलै उजाडला की आपल्या बॉस्टनकर मंडळींकडचे फोन वाजायला लागतात. कुणाची भाची पुण्याहून, कुणाच्या मित्राचा मुलगा नाशिकहून एम.एस.साठी येत असतो. "मामा, ऑलस्टनला एक अपार्टमेंट मिळतंय. युटिलिटीज इन्क्लुडेड आहेत म्हणे. घेऊ का?" या 'म्हणे'तच सगळी गोम आहे.

आपल्या गावात 'युटिलिटीज इन्क्लुडेड'चा अर्थ बहुतेक वेळा 'हीट आणि गरम पाणी' एवढाच निघतो. वीज, इंटरनेट आणि पुष्कळदा स्वयंपाकाचा गॅससुद्धा ज्याचा त्याने बघायचा. तळघरातल्या वॉशिंग मशीनचे पैसे वेगळे. तरीही हे थोडंथोडकं नव्हे, कारण इथल्या हिवाळ्यात खरा खर्च हीटचाच. कॉमनवेल्थ ॲव्हेन्यूवरच्या जुन्या विटांच्या इमारतींत बऱ्याच ठिकाणी तळघरात एकच बॉयलर असतो आणि त्याची वाफ घरोघरच्या रेडिएटरमध्ये खेळते. कुणी किती वापरली हे मोजणार कसं? म्हणून ती भाड्यातच धरलेली. रात्री पाइप ठणठण वाजतात, आणि कधी इतकं उकडतं की भर जानेवारीत पोरं खिडकी उघडी टाकून झोपतात!

याउलट एखाद्या तीनमजली लाकडी घराचं भाडं कमी दिसलं, तर आधी विचारावं : हीट कशावर चालते? भिंतीच्या कडेने विजेचे हीटर असतील तर फेब्रुवारीचं बिल बघून डोळे पांढरे होतात. तेलाची टाकी असेल तर ती भरायची कुणी? मॅसॅच्युसेट्सचा नियम असा की लेखी करारात भाडेकरूवर टाकलेला नसेल, तर हीट आणि गरम पाण्याच्या इंधनाचा खर्च मालकाचा. तेव्हा लीजची ती ओळ बोट ठेवून वाचायला सांगा. हीट मालकाकडे असेल, तर १५ सप्टेंबर ते ३१ मे या काळात सकाळी ७ ते रात्री ११ घरात किमान ६८ अंश फॅरनहाइट आणि रात्री ६४ अंश ठेवणं त्याला बंधनकारक आहे. दाद देत नसेल तर ३११ वर फोन करून शहराकडे तक्रार करावी. आपली मुलं भिडेखातर स्वेटरवर स्वेटर चढवून बसतात, ते काही खरं नाही.

आता पैशाचं. सुरुवातीला मालक पहिला महिना, शेवटचा महिना, एका महिन्याइतकं डिपॉझिट आणि कुलूप-किल्लीचा खर्च एवढंच मागू शकतो. पूर्वी यात ब्रोकरच्या फीची भर पडायची, आणि ती बहुधा भाडेकरूच्याच गळ्यात. समजा ३,००० डॉलरचं घर आणि एका महिन्याची फी, तर किल्ली हातात यायच्या आत १२,००० डॉलर! १ ऑगस्ट २०२५ पासून, ज्याने ब्रोकर नेमला त्यानेच फी द्यायची असा कायदा आला. डिपॉझिट मालकाने वेगळ्या, व्याज देणाऱ्या बँक खात्यात ठेवायचं असतं आणि ३० दिवसांत त्याची पावती द्यायची असते. पावती आली नाही तर मागून घ्यावी, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

खरा पेच पुढे आहे. नव्याने आलेल्या मुलाला इथे क्रेडिट हिस्टरी नसते, म्हणून मालक गॅरंटर मागतो. "मामा, फक्त एक सही." बहिणीच्या मुलीला नाही म्हणणं जिवावर येतं. पण ती 'एक सही' बहुधा संपूर्ण लीजवर असते. चौघींपैकी एकीने डिसेंबरात गाशा गुंडाळला तर तिचा वाटा उरलेल्या तिघींवर, आणि त्यांना जमला नाही तर तुमच्यावर! म्हणून माझं मत स्पष्ट आहे. जबाबदारी भाचीच्या वाट्यापुरतीच असं लिहून मिळत असेल तर जरूर सही करा. मिळत नसेल तर पूर्ण रक्कम भरायची तयारी असेल तरच करा, आणि ताईला ते आधीच फोनवर सांगून टाका. नंतर सांगण्यात कटुता येते.

बहुतेक लीज १ सप्टेंबरला सुरू होतात. त्या दिवशी सामानाचा ट्रक घेऊन स्टोरो ड्राइव्हवर जाऊ नये. तिथले पूल ठेंगणे आहेत आणि दरवर्षी कुणीतरी त्यांत अडकतंच. ऑलस्टनच्या फुटपाथवर लोक टेबलं, खुर्च्या, दिवे टाकून जातात. खुशाल उचला. गादी मात्र कितीही नवी दिसली तरी तिथेच राहू द्या, ढेकणांना भाडं लागत नाही.