औषधापूर्वीची भाषा



आयुष्यभर भाषा शिकविलेल्या माणसाने संगणकावरील आरोग्यसेवेविषयी बोलावे, याचे कोणास नवल वाटेल. परंतु रोगी वैद्यापर्यंत पोहोचतो तो शब्दांतूनच. तेथे आमचाही थोडा अधिकार आहे.

गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली 'सर्च' ही संस्था स्थापन केली. रुग्णालय कसे असावे, हे त्यांनी आदिवासींनाच विचारले. मोठ्या इमारतींचे त्यांना भय वाटे. आप्तांना रोग्याजवळ राहता यावे, ही त्यांची इच्छा होती. म्हणून गोंड वस्तीसारख्या झोपड्यांचे रुग्णालय उभे राहिले आणि त्याला त्यांच्या देवीचे, दंतेश्वरीचे नाव मिळाले.

मला याहून मोलाचे वाटते ते तेथील एक लहानसे साधन. बालकाचा न्यूमोनिया मिनिटातील श्वास मोजून ओळखता येतो. पण गावच्या सुइणींना पन्नासपर्यंत मोजता येत नव्हते. दुसऱ्या कोणी सुइणींनाच अपात्र ठरविले असते. येथे साधन बदलले. एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांची ओळ. दर दहा श्वासांमागे एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्याआधी तांबड्या मण्याची पाळी आली, तर उपचार सुरू!

ही दृष्टी संगणकयुगात टिकली का? मे २०२१ मध्ये १८ ते ४४ वयोगटाला लस हवी तर आधी 'कोविन'वर नोंदणी करावी लागे, आणि ते संकेतस्थळ तेव्हा इंग्रजीत होते. हिंदी व प्रादेशिक भाषा जूनमध्ये आल्या. त्या साथीच्या दिवसांत एक महिना म्हणजे किती, हे आपण जाणताच. उलट मुंबईत डॉ. अपर्णा हेगडे यांच्या 'अरमान' संस्थेने गर्भवतींसाठी 'एममित्र' योजली, ती ध्वनिसंदेशांची. वाचता न येणारीलाही ती चालते. भाषा आणि दूरध्वनीची वेळ ती स्त्रीच निवडते. दूरध्वनी घरात कोणाच्या हाती असतो आणि केव्हा, हे तिच्यावाचून कोण सांगणार?

आपल्या उज्जयिनीत घरात मराठी, बाजारात मालवी आणि रुग्णालयात हिंदी बोलणाऱ्या आजी अजून आहेत. दूरस्थ सल्ल्याचा तक्ता रचणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्यांनी अशा चौघींना आरंभीच शेजारी बसवावे. ठणका, कळ, चमक आणि आग या चार निराळ्या वेदना आहेत; 'दर्द' या एका रकान्यात त्या मावत नाहीत.