परीक्षेची परीक्षा

यंत्र विश्वासार्ह आहे की नाही हे ठरविण्यासाठी ते आधी बिघडवून पाहावे, हे विधान प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. परंतु संगणकाच्या चिपा तपासणारे अभियंते सहा दशकांहून अधिक काळ नेमके हेच करीत आले आहेत. अर्थात हा बिघाड प्रत्यक्ष चिपमध्ये केला जात नाही. सर्किटची प्रतिकृती संगणकावर रचावयाची, तिच्यात एकेक दोष पेरावयाचा, ठरविलेले चाचणी-संकेत तिला द्यावयाचे आणि येणारे उत्तर निर्दोष सर्किटच्या उत्तराहून वेगळे येते काय हे पाहावयाचे, अशी ही रीत आहे. उत्तर वेगळे आले तर दोष सापडला; तेच आले तर चाचणीच अपुरी ठरली.

एवढा खटाटोप कशासाठी? द्विमान पद्धतीतील ३२ अंकी दोन संख्यांची बेरीज करणारे साधे सर्किट घ्या. त्याला देता येणाऱ्या संख्यांच्या सर्व जोड्या सेकंदाला शंभर कोटी या वेगाने तपासल्या तरी सुमारे ५८५ वर्षे लागतील. तेव्हा मोजकेच प्रश्न निवडणे भाग आहे. त्यासाठी १९५९ च्या एल्ड्रेड यांच्या निबंधापासून चालत आलेली एक सोपी कल्पना उपयोगी पडते : सर्किटमधील एखादी तार कायमची शून्यावर किंवा कायमची एकावर अडकून पडली आहे, असे मानावयाचे. अशा दोषाला उघडे पाडणारे संकेत शोधण्याची पद्धतशीर रीत आयबीएममधील जे. पॉल रॉथ यांनी १९६६ साली दिली. कल्पिलेल्या दोषांपैकी शेकडा किती सापडले, हा चाचणीचा गुणांक होय.

शाळेत ९५ टक्के गुण म्हणजे पेढे वाटण्याची बाब. येथे मात्र हिशेब निराळा आहे. विल्यम्स व ब्राउन यांनी १९८१ साली मांडलेल्या सूत्रानुसार, कारखान्यातून निघणाऱ्या चिपांपैकी निम्म्याच निर्दोष असतील आणि चाचणीचा गुणांक ९५ असेल, तर उत्तीर्ण चिपांतही शेकडा तीनांहून अधिक सदोष असतात. गुणांक ९९ वर नेला की हे प्रमाण हजारी सातांवर येते. परंतु अखेरचे टक्केच सर्वांत महाग पडतात. सीमांत खर्च आणि आपले टळणारे नुकसान यांची बरोबरी होईल तेथे उत्पादक थांबतो. ग्राहकाचे नुकसान त्याच्या खतावणीत नोंदले जातेच असे नाही.

शिवाय हे टक्के कशाचे? केवळ कल्पिलेल्या दोषांचे. २००३ साली बेल्जियममधील स्कारबेक येथे यंत्रावरील मतमोजणीत एका उमेदवाराला ४०९६ मते जास्त पडली. ही संख्या म्हणजे दोनाचा बारावा घात. स्मृतीतील एकच अंक क्षणिक उलटला असावा, बहुधा अवकाशातून आलेल्या कणामुळे, असा निष्कर्ष निघाला. अडकलेल्या तारांच्या यादीत असला क्षणभंगुर दोष बसत नाही. आकडा अशक्यप्राय मोठा होता म्हणून तो लक्षात आला. आणखी आठ घरे अलीकडचा अंक उलटला असता तर १६ मते वाढली असती, आणि ती कोणाच्या ध्यानात आली असती?

ही शंका पुस्तकी नव्हे. उत्पादकाच्या चाचण्या उत्तीर्ण झालेले काही प्रोसेसर कोणतीही सूचना न देता चुकीचे गणित करतात, असे गूगल व फेसबुक येथील अभियंत्यांनी २०२१ साली आपापल्या निबंधांत नमूद केले.

मोटारींच्या बाबतीत या प्रश्नाला निदान लेखी उत्तर आहे. २०११ साली प्रथम निघालेल्या आंतरराष्ट्रीय मानकात, सर्वांत जोखमीच्या वर्गासाठी थेट अपघातास कारण होऊ शकणाऱ्या आकस्मिक दोषांपैकी किमान ९९ टक्के सुरक्षा-यंत्रणेच्या आवाक्यात असावेत, अशी अपेक्षा आहे. दोष पेरून ते पडताळण्याची रीतही तेथे सांगितली आहे. सार्वजनिक पैशाने रुग्णालयांची उपकरणे, रेल्वेचे सिग्नल किंवा बँकांचे संगणक विकत घेताना आपणही निविदेत असाच आकडा मागावयास हवा, आणि त्या आकड्याबरोबर कोणते दोष पेरून पाहिले त्याची यादीही.