पाळलेला डास

डासांचा बंदोबस्त करण्यासाठी आधी डास पाळावे लागतात, हे ऐकून पुष्कळांना हसू येते. कारण मात्र साधे आहे. उडता पकडलेला डास आधी कोणाला चावला हे कळत नाही. मग त्याच्या पोटातला रोगजंतू कोठून आला, हेही सांगता येत नाही. अळीपासून वाढवलेल्या डासाचे पोट कोरे असते.

रोनाल्ड रॉसने १८९७ साली हेच केले, आणि तेही जुन्या निजामी मुलखात, सिकंदराबादेस. असे वाढवलेले डास त्याने हुसेन खान या हिवतापाच्या रोग्याला चाववले. २० ऑगस्ट रोजी त्यांतल्या एकाच्या जठराच्या भिंतीत त्याला हिवतापाचे जंतू दिसले. रॉसला १९०२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हुसेन खानला दर डासामागे एक आणा. मजुरीचे हिशेब मांडण्यात माझी हयात गेली, म्हणून तो आणा नजरेतून सुटत नाही.

डेंग्यूचा डास पाळण्यास सोपा. त्याची अंडी कागदाच्या पट्टीवर वाळवून काही महिने ठेवता येतात. पाण्यात टाकली की अळ्या बाहेर येतात. अळ्यांना बारीक कुटलेले खाद्य द्यावयाचे. कोष झाल्यावर नर-मादी आकारावरून निवडतात, कारण नराचा कोष लहान असतो. नराला साखरपाणी पुरते; अंड्यांसाठी मादीला रक्त लागते, ते पातळ पडद्याआडून कोमट करून देतात. खोली उबदार व दमट, दारे दुहेरी.

हा उद्योग आपल्या शेजारीही झाला आहे. जालना जिल्ह्यातील दावलवाडी येथे ऑक्सिटेक या ब्रिटिश कंपनीच्या डासांच्या जाळीबंद पिंजऱ्यातील चाचण्या जानेवारी २०१७ मध्ये सुरू झाल्या. या नरांच्या अंगी असा गुण घातलेला असतो की, टेट्रासायक्लिन हे औषध न मिळाल्यास त्यांची संतती वाढण्यापूर्वीच मरते. प्रयोगशाळेत ते पाण्यातून मिळते, बाहेर मिळत नाही. नर चावत नाहीत, हे खरे. तथापि असा डास उघड्यावर सोडावयाचा तर ज्यांच्या दारात तो उडणार, त्यांना आधी विचारले पाहिजे.

न विचारल्याने काय होते, ते दिल्लीत दिसले. तेथील डासांच्या संशोधन केंद्राला परदेशी पैसा होता. १९७४ साली वृत्तपत्रांतून संशय उठला, संसदेच्या लोकलेखा समितीने प्रश्न विचारले, आणि १९७५ साली केंद्र बंद पडले. सोनिपतमध्ये डास सोडण्याची तयारी चालली होती. ती तशीच राहिली.