ओढीचे रसायन

1954 साली मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत बारीक तारा बसवल्या. कळ दाबली की विजेचा हलका झटका थेट मेंदूत. उंदीर ती कळ तासाला शेकडो वेळा दाबू लागले आणि मेंदूतले ‘सुखकेंद्र’ सापडल्याचा बोलबाला झाला. डोपामीन हे मेंदूतले स्वतंत्र संदेशवाहक रसायन असल्याचे स्वीडनच्या अर्विद कार्लसन यांनी तीनेक वर्षांत दाखवले. पुढे दोन्ही धागे जुळले आणि डोपामीन म्हणजे सुख, हे समीकरण रूढ झाले. आजही ते सर्रास ऐकू येते.

ते मोडले मिशिगन विद्यापीठात. 1989 मध्ये केंट बेरिज आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या मेंदूतले डोपामीन जवळजवळ संपवले. असे उंदीर समोरच्या अन्नालाही तोंड लावत नसत. त्यांना नळीने भरवावे लागे. पण जिभेवर साखरेचे पाणी सोडले की पूर्वीसारख्याच मिटक्या मारत! गोडी शाबूत होती, ओढ गेली होती. या साऱ्या संशोधनात मला हा प्रयोग सर्वांत मोलाचा वाटतो. 1993 मध्ये टेरी रॉबिन्सन आणि बेरिज यांनी त्यावरून व्यसनाचा उलगडा मांडला: नशेने ओढीची यंत्रणा हुळहुळी होते, आणि मजा आटली तरी ओढ वाढतच जाते.

ही ओढ शिकली कशी जाते, ते स्वित्झर्लंडमध्ये वोल्फ्राम शुल्ट्झ यांना माकडांत दिसले. अवचित रस मिळाला की डोपामीनच्या पेशी उसळत. रसाआधी दिवा लागू लागला, तशी उसळी दिव्याकडे सरकली. दिवा लागूनही रस आला नाही, तर नेमक्या त्या क्षणी पेशी गप्प होत. म्हणजे पेशी मोजत होत्या तो अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतला फरक. 1997 मध्ये पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांच्यासह शुल्ट्झ यांनी त्याचे गणित मांडले. कोकेन हा हिशेबच बिघडवते, कारण ते डोपामीन परस्पर वाढवते.

पार्किन्सनच्या काही रुग्णांना डोपामीनचे काम करणाऱ्या औषधांनी जुगाराचा अनावर नाद लागला आणि मात्रा कमी केल्यावर अनेकांचा तो ओसरला, हेही पुढे नोंदले गेले. त्याला चारित्र्याचा दोष कसे म्हणणार?

दारू सोडलेला माणूस जुन्या गुत्त्याची पाटी दिसताच कासावीस होतो. ‘एवढी कसली मजा येते?’ असे त्याला विचारू नका. मजा केव्हाच संपलेली असते. त्याला दुसऱ्या रस्त्याने घेऊन जा, आणि उपचार अर्धवट सुटू देऊ नका.