मानेतली दबलेली शीर आणि माझा उजवा कान

मराठीत 'शीर' हा शब्द फार कामाचा आणि तितकाच गोंधळाचा. हाताला मुंग्या आल्या की शीर दबली, पोटरीत गोळा आला की शीर चढली, आणि सलाइन लावताना नर्सला सापडत नाही तीही शीरच. त्यामुळे 'माझ्या मानेतली शीर दबलीय' असं मी सांगू लागलो तेव्हा निम्म्या मिरजेने मला पट्टा घालायला सांगितलं. शेजारच्या चाचांनी तर स्वतःचा पट्टा धुऊन आणून दिला. तो मी दीड महिना इमानाने घातला. फरक शून्य, कारण माझी दबलेली शीर ती नव्हेच. पट्टावाली शीर म्हणजे मज्जातंतू. माझी दबली होती ती रक्ताची, मेंदूकडून हृदयाकडे अशुद्ध रक्त परत नेणारी. माझ्या फायलीत तिचं नाव 'आयजेव्ही' (इंटर्नल ज्युग्युलर व्हेन) असं लिहिलेलं आहे.

आमचा धंदा तंबोरे-सतारींचा. अब्बांच्या हाताखाली मी दांड्या तासायला शिकलो, पण नाव मिळालं ते जवारीवर, म्हणजे तारा ज्या घोडीवर टेकतात तिचा माथा घासून सुराला झंकार आणण्यावर. तंबोरा आडवा ठेवायचा, मान वाकवून कान घोडीजवळ न्यायचा आणि घोडीचा माथा कानशीने इतका हलका घासायचा की डोळ्यांना काहीच बदललेलं दिसू नये. घोडी आणि तार यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवायचा. तो केसभर पुढेमागे झाला तरी सूर बदलतो. हे काम डोळ्याचं नाही, कानाचं आहे.

तीन पावसाळ्यांपूर्वी अशीच एक जवारी काढताना मला तंबोऱ्यात नसलेला आवाज ऐकू आला. सूं... सूं... सूं. आधी वाटलं, तबलीला चीर गेली असावी. दुसरा तंबोरा घेतला, तोच आवाज. तार थांबवली तरी तो चालूच. मनगटावर बोट ठेवलं तर नाडीबरोबर चालत होता. रात्री आडवं झालं की वाढायचा, उठून बसलं की उतरायचा. सकाळी डोकं असं भरलेलं असायचं की जणू भोपळ्यात पाणी साठलंय आणि कुणी तरी तो हलवतोय. 'रात्रंदिवस तारा छेडता, तर कानात दुसरं काय वाजणार?' असं बायको म्हणाली.

मिरज हे डॉक्टरांचं गाव. अमेरिकी मिशनतर्फे आलेल्या डॉ. वानलेस यांनी १८९४ साली इथे रुग्णालय उभारलं, तेव्हापासून कर्नाटकातूनही माणसं उपचाराला इथे येतात. त्यामुळे दाखवायला मला लांब जावं लागलं नाही, पण कळायला दीड वर्ष लागलं. एकाने मळ काढला, एकाने अर्धशिशीच्या गोळ्या दिल्या, एकाने वय विचारलं आणि मान हलवली. यात मी कुणाला दोष देत नाही. नाडीबरोबर चालणाऱ्या आवाजामागे रक्त कमी असणं, थायरॉइड, वाढलेला रक्तदाब, मेंदूच्या आवरणात धमनी आणि नीला यांचा भलताच जोड, क्वचित गाठ, अशी बरीच कारणं असू शकतात. ती एकेक करून बाजूला काढावीच लागतात.

धागा सापडला तो दातांच्या दवाखान्यात. अक्कलदाढेसाठी जबड्याचा गोल फिरणारा एक्सरे काढला. डॉक्टरीणबाई फिल्म उजेडासमोर धरून म्हणाल्या, 'काका, तुमच्या कानाखालचा हा काटा बराच लांब आहे हो.'

हा काटा प्रत्येकाला असतो. कानाच्या खाली, कवटीच्या तळातून उतरणारं सुईसारखं हाड. साधारण अडीच सेंटीमीटरचं असतं, तीनच्या पुढे गेलं की त्याला लांब म्हणतात. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठातले कान-नाक-घशाचे सर्जन वॉट ईगल यांनी या लांब हाडामुळे होणाऱ्या घशाच्या दुखण्याबद्दल १९३७ मध्ये लिहिलं, म्हणून या दुखण्याला ईगल सिंड्रोम म्हणतात. पुढे लक्षात आलं की तो काटा दर वेळी घशालाच टोचतो असं नाही, कधी कधी शिरेला चेपतो. मेंदूची मोठी नीला कवटीतून बाहेर पडते तिथे पुढच्या अंगाला हा काटा आणि मागच्या अंगाला मानेच्या पहिल्या मणक्याचा बाजूला आलेला कोपरा असतो. दोन्हींमधून शिरेने वाट काढायची. माझ्या उजव्या बाजूची वाट कागद सरकेल इतकीच उरली होती, आणि बऱ्याच जणांसारखी माझीही मोठी शीर उजवीकडचीच.

मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्क्यांच्या आसपास, पण त्याला मिनिटाला पाऊण लिटरच्या जवळपास रक्त लागतं. तेवढंच परतही यावं लागतं. उभं असताना मानेतल्या या मोठ्या शिरा आपोआप चपट्या होतात आणि बरंचसं रक्त कण्याभोवतीच्या बारीक शिरांच्या जाळ्यातून उतरतं. आडवं झालं की मोठ्या शिरा पुन्हा कामाला लागतात. माझं रात्रीचं गाऱ्हाणं इथे उलगडलं. पुढे ज्या मेंदूच्या सर्जनांकडे मी गेलो, त्यांनी एक गंमतही सांगितली. अंतराळात वजन नसल्यामुळे शरीराला ना उभं राहणं, ना आडवं होणं. अंतराळ स्थानकावरच्या ११ जणांच्या मानेतल्या डाव्या शिरा तपासल्या, तेव्हा ६ जणांचं रक्त तिथे तुंबलेलं किंवा उलटं वाहताना दिसलं आणि एकाच्या शिरेत गुठळी सापडली. हा अभ्यास २०१९ मध्ये छापून आला.

पण मला एक कोडं होतं. जबड्याच्या कोपऱ्याखाली बोटाने हलकं दाबलं की माझा आवाज बंद व्हायचा. शीर दबल्यामुळे आवाज, मग आणखी दाबल्यावर तो थांबतो कसा? सर्जन समजावू लागले, 'अरुंद जागेतून रक्त घुसळत जातं...' आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. जवारीच ही! तार घोडीला पुरती टेकवा, झंकार नाही. पुरती उचला, तरी नाही. ती अर्धवट टेकलेली असते तेव्हाच गुणगुणते. माझी शीर अर्धवट टेकली होती. (हा प्रयोग उठसूट करू नये, दोन्ही बाजूंना एकदम तर कधीच नाही. मानेत धमन्याही असतात.)

इथून पुढचं दुखणेकऱ्यांनी जरा नीट वाचावं. चित्रात चेपलेली शीर दिसली म्हणजे आजार सापडला असं नाही. धडधाकट माणसांच्या स्कॅनमध्येही ती चेपलेली दिसते, कारण शीर मऊ असते आणि तिच्या दुसऱ्या वाटा असतात. आमच्याकडे घोडी बघून कुणी जवारी ठरवत नाही, तसंच हे. या घाईची मोठी किंमत लोकांनी एकदा मोजली आहे. इटलीतल्या फेरारा शहरातले डॉ. पाओलो झांबोनी यांनी २००९ मध्ये असं मांडलं की मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार मानेतल्या अरुंद शिरांशी जोडलेला आहे. त्यांच्या पत्नीलाच तो आजार होता. आशेने कॅनडासारख्या देशांतले रुग्ण शिरा फुग्याने रुंद करून घ्यायला परदेशी गेले, काही भारतातही आले. २०१७ मध्ये झांबोनींच्याच काटेकोर चाचणीत या उपचाराचा त्या आजारावर उपयोग होत नाही असं दिसलं. स्वतःच्या कल्पनेविरुद्ध निकाल छापणारा माणूस मला मोठा वाटतो. पण तोवर अनेकांचे पैसे गेले होते आणि काहींना इजाही झाली होती.

माझ्या सर्जनांनी म्हणून आधी मापं मागितली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडदा पाहिला. डोक्यातला दाब वाढला तर डोळ्यामागची नस सुजते आणि दृष्टी जाऊ शकते. वाकल्यावर क्षणभर अंधारी येत असेल तर आधी तिथेच जावं. माझी नस किंचित सुजली होती. कमरेतून पाणी काढून मोजलेला दाब २७ सेंटीमीटर भरला. मोठ्या माणसाला पंचवीसपर्यंत चालतो.

मग पुण्यात खरी परीक्षा. जांघेतल्या शिरेतून बारीक नळी थेट डोक्यापर्यंत. मला पूर्ण जागं ठेवलं होतं, कारण गुंगीच्या औषधाने दाब बदलतो. थंड टेबल, अंगावर हिरवी चादर, आणि डॉक्टर नळी खाली ओढत आकडे वाचतायत. 'एकोणीस. एकोणीस. अठरा.' मग काट्याची जागा ओलांडली आणि 'अकरा'. खोलीत कुणीच काही बोललं नाही. मी मात्र सुराची उडी ऐकावी तसा तो आकडा ऐकला.

शस्त्रक्रियेआधी पाच महिने ॲसिटाझोलमाइडच्या गोळ्या घेतल्या. त्या डोक्यातलं पाणी कमी तयार होऊ देतात. सोडा बेचव लागू लागला, त्याचं एवढं काही नाही. पण बोटांना मुंग्या येऊ लागल्या, आणि जवारीचा दोरा बोटालाच तर कळतो. त्या पाच महिन्यांत मी एकही चांगला तंबोरा बाहेर काढला नाही. दोन परत आले. गिऱ्हाइकाला कारण काय सांगणार? शीर दबलीय म्हणालो की तोही पट्टा सुचवायचा.

एका ठिकाणी लगेच स्टेंट बसवू म्हणाले. आमचे सर्जन म्हणाले, 'दोन हाडं तशीच ठेवून मध्ये जाळी बसवली तर हाडं जाळीलाच चेपतील. आधी हाड.' याबाबतीत मोठ्या चाचण्या झालेल्या नाहीत आणि सगळ्यांना गुण येत नाही, हेही त्यांनी स्वतःहून सांगितलं. त्या प्रामाणिकपणावरच मी सही केली. अब्बांनी माळ्यावर मुरत ठेवलेलं तुनाचं लाकूड विकलं. सतारीच्या घोडीसाठी आयुष्यभर हाड तासलं, आता आमचं तासलं जाणार होतं.

जबड्यामागे चार बोटांचा छेद. तिथून चेहऱ्याची नस जाते, खांदा उचलणारी नसही. दोन महिने माझा ओठ उजवीकडे नीट हलत नव्हता आणि चहा सांडायचा. सकाळचं डोकं पहिल्याच आठवड्यात हलकं झालं. सूं-सूं मात्र लगेच गेली नाही, विरत गेली. आजही दमलो की ती परतते, लांबच्या खोलीत कुणी तंबोरा छेडावा तशी. डोळ्याची सूज उतरली, गोळ्या बंद झाल्या. सलूनमधल्या पोराला मात्र सक्त ताकीद आहे, दाढीनंतर मान मोडायची नाही. मान अशी झटक्याने पिळल्यावर धमनी फाटल्याची उदाहरणं आहेत, त्याला लांब काट्याची गरज नाही.

रात्री डोकं उंच राहावं म्हणून खाटेच्या उशाकडच्या पायांखाली आम्ही दोन-दोन विटा ठेवल्या होत्या. आता त्या काढूया, असं मी परवा म्हणालो. बायकोने नको म्हटलं. खाट उंच झाल्यापासून कारखान्यात न मावणारे भोपळे उशाखालच्या जागेत बसतात.