चाळिशीच्या चष्म्यापाशीच काचबिंदू गाठावा

भिलाईच्या पोलाद कारखान्यात हयात घालवलेले माझे थोरले बंधू निवृत्तीनंतर स्कूटरवरून दोनदा पडले. नेत्रतज्ज्ञाकडे फलकावरची शेवटची ओळ त्यांनी बिनचूक वाचली. बाहुली विस्फारून आत पाहिले तेव्हा कळले, की काचबिंदूने कडेची दृष्टी कधीच गिळली आहे. ती परत येत नाही. औषधाने उरलेली तेवढी राखता येते. घरात साहजिकच प्रश्न निघाला : चाळिशी उलटलेल्या सर्वांची सरसकट तपासणी का होत नाही?

सेवेत असतो तर मी तसा प्रस्ताव उत्साहाने पाठवला असता. आता आधी हिशेब करतो. हजार माणसांत ३० रुग्ण धरा आणि चाचणी रुग्ण व निरोगी दोन्ही ओळखण्यात शेकडा ९० अचूक माना. ती २७ रुग्ण शोधेल आणि ९७ निरोग्यांनाही रुग्णालयाच्या रांगेत उभे करील. नुसता डोळ्यांतील दाब मोजणे तर याहून कच्चे, कारण दाब नेहमीच्या मर्यादेत असूनही काचबिंदू झालेले पुष्कळ आढळतात. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलानेही २०२२ मध्ये अशा तपासणीसाठी पुरावा अपुरा ठरवला.

म्हणून हात बांधून बसावे असे नाही. दक्षिण भारतातील पाहण्यांत दहांपैकी नऊ रुग्णांना आपला आजार ठाऊक नव्हता. त्यांतले कित्येक पूर्वी डोळे तपासून गेलेले होते! माझ्या मते खरी गफलत इथे आहे. १९७६ मध्ये अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि कालांतराने मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया हेच त्याचे माप बनले. पट्टी सुटली, दिसू लागले, आकडा भरला. काचबिंदूच्या उपचाराचे यश म्हणजे पुढच्या वर्षी काही न बिघडणे. त्याला कोणत्या रकान्यात घालणार? एका जिल्ह्यात असताना शिबिरांच्या अहवालांवर मीही सह्या केल्या आहेत. ‘मोतीबिंदू नाही’ म्हणून परत पाठवलेल्यांचे पुढे काय झाले, हे मी विचारले नाही.

चाळिशीचा चष्मा बहुतेकांना लागतोच. तो देताना दृष्टिमज्जेची तपासणी सक्तीची करावी, निदान झालेल्यांच्या भावंडांना व मुलांना नाव घेऊन बोलवावे आणि थेंब जन्मभर परवडतील अशी तजवीज करावी. इतके तरी आधी व्हावे.

बंधूंच्या निदानानंतर मला कुणी बोलावले नाही. मी आपणहून गेलो. पुतण्याने मात्र सुपेलाच्या बाजारातून तयार चाळिशी आणली आहे. बाहुली विस्फारून घ्यायला तो अजून गेलेला नाही.