बारा व्होल्टचा विस्तव

कला शाखेच्या विद्यार्थ्याने विजेच्या तारांवर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु आपला भंडारा जिल्हा तलावांचा. नाकाडोंगरीच्या लोकांना बावनथडी नदी परकी नाही. डोंग्यात पूर्वी कंदील असे. आता मोटारीची बॅटरी आणि तिच्यावर चालणारा दिवा दिसतो. कोकण किनाऱ्यावरील यांत्रिक नौकांवर तर वायरलेस, मासळी शोधणारे यंत्र, पाणी उपसण्याचा पंप अशी पुष्कळ साधने बॅटरीवर चालतात. तेव्हा हा विषय वाटतो तितका दूरचा नाही.

माझे काका डोंग्यावर मासे धरतात. त्यांचे म्हणणे असे : “बारा व्होल्टानं का होते बाबू? हात लावला तरी झटका नाही लागत.” झटका बसत नाही हे खरे. परंतु झटका ही एक गोष्ट आणि आग ही दुसरी. दिव्यासोबत आलेले इंग्रजी पत्रक घरात मलाच वाचता येत असल्यामुळे त्याचा अर्थ लावण्याचे काम माझ्याकडे आले आणि त्यातून हा अभ्यास झाला.

हिशेब साधा आहे. वॅटला व्होल्टने भागले की अँपिअर, म्हणजे तारेतून वाहणारा प्रवाह, मिळतो. ६० वॅटचा दिवा घरातील २३० व्होल्टवर सुमारे पाव अँपिअर घेतो. तेवढ्याच वॅटचा दिवा १२ व्होल्टच्या बॅटरीवर ५ अँपिअर घेतो. व्होल्ट कमी झाले की प्रवाह वाढतो. तारेतील उष्णता तर प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे त्याच तारेत ती सुमारे ३६७ पट होते. शिवाय बॅटरीच्या दोन तारा एकमेकींना भिडल्या तर क्षणात शेकडो अँपिअर वाहू शकतात. वरचे प्लास्टिक पेटते. घरात आग लागली तर अंगणात पळता येते. मध्यरात्री जलाशयाच्या मध्यभागी माणसाने पळावे कोठे?

येथे फ्यूज उपयोगी पडतो. शालेय पुस्तकांत त्याला ‘वितळतार’ असा सुरेख शब्द आहे. प्रवाह मर्यादेबाहेर गेला की ही तार स्वतः वितळते आणि मंडल तोडते. फ्यूज दिव्याच्या रक्षणासाठी असतो, असा सर्वसाधारण समज आहे. वास्तविक त्याचे पहिले काम तारेचे रक्षण करणे हे आहे. हे एकदा पटले की निवड सोपी होते.

प्रथम उपकरणाचा प्रवाह काढावा. मग तार ठरवावी. बॅटरीपासून दिवा ५ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन तार १० मीटर होते. १ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घेतली तर ५ अँपिअरला वाटेतच सुमारे ०.९ व्होल्ट खर्ची पडतात आणि दिवा मंद होतो. २.५ चौरस मिलिमीटरची घेतली तर सुमारे ०.३७ व्होल्ट, म्हणजे ३ टक्के. ही जाड तारच योग्य.

फ्यूज सर्वांत शेवटी ठरवावा. तो नेहमीच्या प्रवाहाच्या सव्वापट असावा, परंतु तारेच्या क्षमतेपेक्षा कधीही जास्त नसावा. ५ ची सव्वापट ६.२५, बाजारात त्याच्या वरचा ७.५ अँपिअरचा तपकिरी फ्यूज मिळतो. १० चा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा, ३० चा हिरवा. पंपाची गोष्ट थोडी निराळी आहे. त्यात शेवाळ अडकून मोटार थांबली तर ती जास्त प्रवाह ओढते आणि जळते. म्हणून पंपाला उत्पादकाने पत्रकात सांगितलेलाच फ्यूज लावावा.

जागाही महत्त्वाची आहे. फ्यूज दिव्याजवळ बसवला तर बॅटरीपासून तिथपर्यंतची तार उघडीच राहते. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या मानकात, काही अपवाद वगळता, उगमापासून ७ इंचांच्या आत फ्यूज असावा असे सांगितले आहे. इंजिन सुरू करणाऱ्या मोटारीच्या तारेला यातून सूट आहे. पुढे जेथे जाड तारेतून बारीक तार निघते, तेथे तिच्या मापाचा वेगळा फ्यूज हवा.

मात्र फ्यूज सर्वज्ञ नाही. ओलाव्याने गंजलेला किंवा सैल झालेला जोड नेहमीच्याच प्रवाहातही तापतो, आणि फ्यूजला त्याचा पत्ता लागत नाही. म्हणून जोड हाताने तपासणे सुटत नाही.

फ्यूज वारंवार उडू लागला की त्याच्या जागी मोठा फ्यूज किंवा तांब्याची तार घालण्याची आपल्याकडे सवय आहे. त्यामुळे दिवा लागतो हे खरे. परंतु त्यानंतर सर्वांत आधी वितळणारी वस्तू म्हणजे डोंग्यातली तार ठरते. फ्यूज उडणे ही तक्रार नसून सूचना आहे. ती ऐकावी, कारण शोधावे आणि त्याच मापाचा नवा फ्यूज बसवावा. काही रुपयांची ती वस्तू, परंतु डोंगा आणि त्यातला माणूस या दोघांचीही राखण करते.